दोन थापा, येऊ दे

शटर अर्ध्यावर ओढा रे. पूर्ण नको. आणि सूनबाई, बाळ झोपलं असेल तर त्याला आत ठेवून ये. झोपलं नसेल तर तूही आतच थांब, ही गोष्ट लेकराच्या कानावर नको.

ऐकीव नाही ही. जिच्यावर बेतली ती बाई मला मामा म्हणते, अजूनही म्हणते. डिसेंबरातला दुसरा शुक्रवार होता. संध्याकाळी मी इथेच, या दारात, तिच्या गाडीचा डावा आरसा बसवत होतो. साधं काम. दोन बोल्ट आणि एक कप चहा.

तिला सगळे उस्तादीण म्हणायचे. बाप तिचा ट्रकड्रायव्हर, माझा जिगरी दोस्त. बायको लवकर गेली म्हणून त्याने पोरगी कॅबिनमध्येच वाढवली. आधी ती बापाची क्लीनर झाली, मग लायसन काढून ड्रायव्हर. हात असा साफ की भले भले बघत राहायचे. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, गाडी सुटली ती सुटलीच. आणि मुलगी शाळेत जायला लागली त्याच वर्षी नवरा तापाने गेला.

आता धाकटा दीर आणि जाऊ, त्यांना मूलबाळ नाही. पोरीवर जीव टाकायचे, खोटं कशाला बोला. पण एक दिवस जाऊ म्हणाली, "ताई, तुमचं तुम्हालाच भागत नाही. पोरीला आम्ही रीतसर दत्तक घेतो. रविवारी न्यायला येतो."

"मला काम लागलं तर?"

"लागलं तर ठेवा की तुमच्याजवळ," दीर म्हणाला. "पण वहिनी, इतक्या वर्षांनी तुम्हाला गाडी कोण देणार?"

दारोदार फिरली. एकाने चहा पाजला, एकाने सल्ला दिला, गाडी कुणीच दिली नाही. शेवटी पिल्लांचा धंदा करणारा एक शेठ तयार झाला. अंड्यातून नुकती निघालेली कोंबडीची पिल्लं घाटापलीकडच्या शेडवर पोचवायची. "एकच फेरी देतो, जमली तर काम पक्कं," तो म्हणाला. "पिल्लं उजाडायच्या आत पोचली पाहिजेत, आणि जिवंत. परत आल्यावर गाडीवर ओरखडा दिसला तर चावी टेबलावर ठेवायची आणि चालू लागायचं."

"क्लीनर कोण?" मी आरसा पुसत विचारलं.

"कुणी येत नाही मामा. एक म्हणाला, बाईच्या गाडीवर गेलो तर बायको घरात घेणार नाही. दुसरा म्हणाला, माझी घेईल, पण उद्यापासून तीच गाडी मागेल."

हसली. आणि आरसा घट्ट बसला का ते स्वतः हलवून बघितलं.

क्लीनर कशाला लागतो ते या पोरांना ठाऊक आहे, सूनबाई, तुला सांगतो. मोठी गाडी मागे घेताना ड्रायव्हरला शेपूट दिसत नाही. क्लीनर मागे उभा राहून पत्र्यावर थाप मारतो. दोन थापा म्हणजे येऊ दे. एक थाप म्हणजे थांब. सोबत तोंडाने ओरडतोही, "येऊ द्या, येऊ द्या!" थाप ऐकली की ड्रायव्हर विचार करत नाही. त्याचा पाय आपोआप चालतो. आणि ही तर लहानपणापासून बापाच्या गाडीमागे थापा मारत मोठी झालेली.

रात्री अकराला निघाली. मागचं दार पत्र्याचं, त्याला शेठच्या माणसाने सील ठोकलं. मुक्कामी पोचेपर्यंत उघडायचं नाही. आत खोकी रचलेली आणि हजारो पिल्लं. आवाज असा, की मोठ्या कढईत काहीतरी सारखं तडतडतंय. ती म्हणायची, मामा, त्या आवाजाने मला धीर आला. वाटलं, आपण एकट्या नाही.

घाटात धुकं लागलं. दाट. दिवा लावावा तर समोर पांढरी भिंत. गाडी पायी चालावी तशी चालली होती. एका वळणावर तिने कचकन ब्रेक मारला. समोर एक लांबलचक ट्रेलर आडवा. त्याचा ड्रायव्हर कॅबिनमध्ये घोंगडी पांघरून बसलेला.

"क्रेन आल्याशिवाय हलत नाही हा," तो काच खाली करून म्हणाला. "आणि क्रेन सकाळशिवाय येत नाही. मागे फाटा गेला बघा, तिथपर्यंत रिव्हर्स घ्या. जुना रस्ता आहे, खाली उतरतो."

"दादा, मागे उभे राहता का जरा? धुक्यात काही दिसत नाही."

"क्लीनर कुठे गेला?"

"नाहीये."

"नाहीये!" तो हसला. "बाई, मग पाळणाघर उघडायचं होतं. मला गाडी सोडून खाली उतरता येत नाही. माल चोरीला गेला तर तुम्ही भराल?" आणि काच वर केली.

सकाळपर्यंत थांबावं, तर त्या थंडीत पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात. पिल्लं गेली की काम गेलं. काम गेलं की रविवारी पोरगी गेली. फोनला रेंज नाही. विचारणार कुणाला?

तिने रिव्हर्स टाकला.

उजव्या दारातून मान बाहेर काढली. त्या बाजूला डोंगर, तो थोडा तरी दिसत होता. डावीकडे दरी. मी बसवलेल्या आरशावर नुसतं पाणी. दात आवळून ती एकेक हात मागे सरकत होती, आणि इतकी वर्षं चूल सांभाळलेले हात स्टेअरिंगवर ओळख विसरल्यासारखे करत होते.

तेवढ्यात मागून आवाज आला.

धप् धप्.

दोन थापा. येऊ दे.

तिला रडूच फुटलं. वाटलं, बोलला तिखट, पण आला बिचारा. "दादा, देव तुमचं भलं करो!" ती दारातून ओरडली आणि मान आत घेतली. सगळा भार थापांवर टाकला.

धप् धप्.

येऊ दे.

धप् धप्.

गाडी मागे जात होती. झरझर. पाय आपोआप चालत होता.

मग तिला काहीतरी चुकल्यासारखं झालं. काय, ते कळेना. घरात पंखा बंद पडावा आणि आपण दचकून वर बघावं, तसं.

पिल्लं.

पिल्लं गप्प झाली होती. सगळी. एकसुद्धा नाही...

धप् धप्.

"दादा?"

कुणी बोललं नाही.

"दादा, तोंडाने बोला ना!"

...

धप् धप्.

आता जोरात. घाईने. आणि त्याच क्षणी डावीकडून गाडी किंचित कलली. पलंगावरून उशी सरकावी इतकी हलकी. तिने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला. टॉर्च घेऊन खाली उतरली.

मागचं डावं चाक अर्धं रस्त्यावर होतं.

अर्धं हवेत.

खालून गार वारा वर येत होता. मागे कुणी नव्हतं. ती गाडीला वळसा घालून आली. कुणी नव्हतं. ट्रेलरचा दिवा धुक्यात पुसट दिसत होता. त्या माणसाची सावली कॅबिनमध्ये, जशीच्या तशी बसलेली.

ती पत्र्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

धप् धप्.

...

काय रे, हसतोस कशाला? तू असतास तर ट्रेलरपर्यंत पळाला असतास, आणि मीही पळालो असतो. तिच्याही मनात आलं. पण पळाली तर पोरगी गेली. ती मला म्हणाली, मामा, मी जागच्या जागी पोरीचं नाव घेतलं आणि परत कॅबिनमध्ये चढले.

आधी गाडी पुढे घेतली. चाक रस्त्यावर आलं. मग पुन्हा रिव्हर्स.

धप् धप्.

आणि तिच्या ध्यानात आलं. शेपूट दरीकडे झुकली की थापा पडतात. डोंगराकडे वळली की गप्प. ते जे काही होतं, ते तिला दरीकडे बोलावत होतं.

मग ती तशीच चालवत गेली. थापा पडल्या की शेपूट डोंगराकडे. थापा थांबल्या की सरळ. ओठ चावून रक्त आलं होतं, पण आरसा नाही, उजेड नाही, त्या थापांवरच तिने गाडी मागे नेली. जसजसा फाटा जवळ आला तसतशा थापा वाढल्या. दोन-दोन राहिल्या नाहीत. नुसता गलका. दोन हात असावेत की दहा, कळेना.

फाटा आला. तिने गाडी वळवली आणि खालच्या रस्त्याला लावली.

थापा बंद.

बराच वेळ काही नाही... मग एक पिल्लू चिवचिवलं. मग दुसरं. मग सगळी.

उजाडायच्या आत पोचली. शेडवरच्या माणसाने सील तपासलं, तोडलं, दार उघडलं, खोकी उतरवून घेतली. पिल्लं ठणठणीत. "पहिल्यांदा वेळेवर आली गाडी," तो म्हणाला.

सूनबाई, विचारू नकोस, आधीच सांगतो. पोरगी आईजवळच राहिली. रविवारी दीर-जाऊ आले, जेवले, पोरीचे मुके घेऊन परत गेले. जाऊ जाताना रडली थोडी.

पण शनिवारचं सांगायचं राहिलं. शेठकडे जायच्या आधी ती गाडी घेऊन थेट माझ्याकडे आली. हे सगळं मला तेव्हाच सांगितलं, इथेच उभं राहून. मग म्हणाली, "मामा, मागच्या पत्र्याला पोचे आले असतील. शेठने बघायच्या आत सपाट करून द्या."

आता पत्र्यावर बाहेरून मार बसला की खड्डा आत जातो. तो आतून ठोकून बाहेर काढायचा, हे आमचं रोजचं काम. मी हातोडी घेऊन रिकाम्या गाडीत शिरलो, दार ओढून घेतलं, ठोकायचं कुठे ते बघायला हात फिरवला. फुगवटा एकही लागला नाही. नुसते खळगे. जोडीजोडीने, दारभर. मी आपला पंजा एका खळग्यात ठेवला, तर बोटं बरोबर बसली.

मी खाली उतरलो. दार बंद केलं आणि बाहेरून ठोकायला सुरुवात केली.

उस्तादीण शेजारीच उभी होती. ड्रायव्हरच्या पोटची पोर ती, मी कुठल्या बाजूने ठोकतोय ते तिला कळत नसेल का? पण तिने हातातली चावी नुसती घट्ट धरली, आणि हळूच म्हणाली, "लवकर करा मामा. शेठचा फोन आला होता, रात्रीची फेरी याच गाडीवर दिलीय."

सगळे खळगे सपाट झाले. अगदी खालच्या कोपऱ्यातले दोन तेवढे राहिले, मी कितीही ठोकले तरी. पंजा तिथलाही पाचच बोटांचा होता. पण अगदी लहान मुलाचा.