बाराव्या पानावरचा माळढोक

हणमंतरावांनी वाचनालयाचं दार लावलं, खुर्ची दाराला टेकवली आणि तिच्यावर बसकण मारली.

"चित्र सापडंस्तवर कोणी बाहेर जायाचं न्हाई."

अख्तरीनं खिडकीकडे पाहिलं. मुखेडच्या या वाचनालयात ती सव्वीस वर्षं ग्रंथपाल होती. खिडकीचे गज आज पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत भरले.

पुस्तक होतं इथल्या माळावरच्या पक्ष्यांचं. दीडशे वर्षांपूर्वी निजामाच्या फौजेतल्या एका इंग्रज डॉक्टरनं काढलेलं. चित्रं दगडावरून छापलेली, रंग मात्र एका देशी चित्रकारानं पानोपान हातानं भरलेले. उद्या पुण्याहून माणसं येणार होती. नवी आवृत्ती काढायची म्हणून ती प्रत्येक पान भिंगाखाली तपासणार होती. आणि आज अकराला अध्यक्ष हणमंतरावांनी पुस्तक उघडलं, तर बारावं चित्र, माळढोकाचं, गायब.

"कपाटाची किल्ली तुझ्याकडं," ते म्हणाले. "कबुली लिहून दे. न्हाईतर पोलिसांना फोन करतो."

अख्तरीच्या लेकीचं, रुखसारचं, लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. अशा वेळी पोलीस दारात आले तर?

आत आणखी दोघं अडकले होते. पक्ष्यांवर लिहिणारे प्राध्यापक दयानंद आणि बाईंडिंगवाले लालमहंमद. दयानंदांनीच फोन लावला. लातूरची खासगी गुप्तहेर शिवांगी बिरादार एका तपासासाठी गावातच आली होती. दहा मिनिटांत ती आली. सोबत बसवंत, निवृत्त हवालदार.

"या," हणमंतरावांनी दोघांना आत घेतलं आणि खुर्ची पुन्हा दाराला लावली.

बसवंतनं सगळं ऐकून घेतलं. "ताई, सोपं हाय. किल्ली जिच्यापाशी, चोर तीच."

अख्तरीनं मान खाली घातली. शिवांगीनं आधी दयानंदांना विचारलं.

"दहाला चित्र होतं," ते म्हणाले. "मी फोटो काढला. हा बघा, अख्खं पान."

मोबाइलवर माळढोक उभा होता. पांढरी लांब मान, डोक्यावर काळी टोपी, वर कोरं आकाश.

"मग?"

"कॉलेजातून फोन आला. बोलायला व्हरांड्यात गेलो."

"चाचा, तुम्ही कुठं होता?"

"मागं खळ शिजवून राहिलो होतो, बेटी." लालमहंमदनं पुस्तक उघडलं. "हे बघ. कसरीनं भोक पाडलंय, वर आकाशात. अकरापासून चौदापर्यंत आरपार. दोन साल झाले, मी स्वतः मोजलंय. तवापासून म्हणतो, बुजवू द्या. आज बोलावलं."

"अख्तरीआपा, तुम्ही?"

"साहेब आले न् म्हणाले, जुनं रजिस्टर आण. मी आतल्या खोलीत गेले. परत आले तर साहेब ओरडून राहिले होते."

"पुस्तक कधी बाहेर गेलं होतं?"

"एकदाच. मागच्या साली प्रदर्शनाच्या वक्ताला आठ दिवस साहेबांच्या घरी होतं. त्याच्या बाद आजच उघडलं."

"झडती कुणी घेतली?"

"मी," हणमंतराव म्हणाले. "दोघांचे खिसे, पिशव्या, सगळी कपाटं. बाईमाणसाला हात कसा लावावा?"

शिवांगीनं अख्तरीला आतल्या खोलीत नेऊन तपासलं. अख्तरीनं डोळे मिटून घेतले. सव्वीस वर्षांत असं उभं राहायची वेळ आली नव्हती.

रिकाम्या हातानं बाहेर येऊन शिवांगी टेबलापाशी थांबली.

"बसवंतकाका, हा कागद हातभर लांब. घडी न घालता खिशात मावेल?"

"न्हाई."

"आणि असल्या चित्राला चोर घडी घालेल?"

"यडा हाय का? वाया जाईल की."

"सगळीकडे शोधून मिळालं नाही, म्हणजे ते घडी घालून कुणाच्या तरी अंगावरच आहे. आणि घडी घालणाऱ्याला ठाऊक होतं, हे चित्र खरं नाही." तिनं मोबाइल वर धरला. "कसरीचं भोक अकराव्या पानात आहे, तेराव्यातही आहे. मधल्या बाराव्याला वगळून कसर पुढे जाईल का? आज सकाळच्या या फोटोत आकाश अख्खं आहे. दहा वाजता पुस्तकात होती ती कलर प्रिंट. खरं चित्र आधीच गेलं होतं."

लालमहंमदनं कपाळावर हात मारला.

"भोक मोजलं दोन वर्षांपूर्वी, पुस्तक बाहेर गेलं गेल्या वर्षी, एकाच घरी. उद्या भिंगाखाली नक्कल उघडी पडली असती. म्हणून आज ती काढली आणि चोरी किल्लीवालीच्या माथी मारली. हणमंतराव, तुम्ही सगळ्यांची झडती घेतलीत. तुमची कुणी घेतली? तेव्हापासून तुम्हीही दार सोडलेलं नाही."

बसवंत पुढे झाला. हणमंतरावांच्या बंडीच्या आतल्या खिशातून त्यानं चार घड्यांचा कागद ओढून काढला.

हणमंतराव खुर्चीत खचले. "साहेबांच्या वाढदिसाला दिलं," ते पुटपुटले. साहेब म्हणजे नांदेडचे एक पुढारी. "तवा कुठं अध्यक्षपद मिळालं."

बसवंतनं त्यांना उठवून खुर्ची बाजूला केली. जाता जाता तो अख्तरीपाशी थांबला. "माफ करा, बाई. मघाशी लई घाई केली."

चार दिवसांनी पुढाऱ्यानं फ्रेम करून लावलेलं चित्र नांदेडहून परत आलं. मूळ बाईंडरनं त्याच्या पाठीला कागद चिकटवला होता. तो फ्रेमवाल्यानं सोडवला होता. त्याखाली पेन्सिलीनं उर्दूत दोन ओळी निघाल्या. चित्रकाराच्या.

अख्तरीनं त्या सगळ्यांना वाचून दाखवल्या. "डॉक्टरसाहेब म्हणाले, माळढोक मारून कातडं काढ. मी त्याच्या पायाला दोरी बांधून तीन दिवस जिवंतच समोर ठेवला. चौथ्या दिवशी रंग पुरा झाला, आणि साहेब उठायच्या आधी माळावर सोडून दिला."

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फुटला. सव्वीस वर्षांत कुणी तिला त्या वाचनालयात रडताना पाहिलं नव्हतं.