वाकीवरचा मोर

"मी चोर नाही जी. एवढं एक सिद्ध करून द्या. बाकी मले काही नाही पायजे."

असं म्हणून त्या पोरीनं रुमालाची गाठ सोडली आणि टेबलावर एक वाकी ठेवली. दंडात घालायची, रुंद पट्टीची, मधोमध मोर. खालच्या भांड्यांच्या दुकानात ठोकाठोकी चालू होती. दादाजींनी उठून खिडकी लावून घेतली.

दादाजी एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. भंडाऱ्यात रुखमिणी हटवार या खासगी तपास करणाऱ्या बाईंची गाडी चालवायची आणि जमलं तर डोकंही चालवायचं, हे त्यांचं काम. गाडी बरी चालत असे.

पोरीचं नाव खुशबू. माहेर नाकाडोंगरी, सासर सिहोरा. वाकी सासूची, गोदावरीबाईंची. लग्नात सुनेच्या दंडात चढलेली. पण ही टेबलावरची सोन्याची नव्हती. सोनारानं घासून सांगितलं होतं, चक्क पितळ, वरून मुलामा. खऱ्या वाकीचा पत्ता नव्हता, आणि कपाटाची चावी होती खुशबूच्या कमरेला. मग चोर कोण हे विचारायचं कारणच काय?

"ही खोटी आहे हे आधी कोणाच्या लक्षात आलं?" रुखमिणीबाईंनी विचारलं.

"माह्याच. एका लग्नाले जायचं होतं म्हणून संक्रांतीनंतर पहिल्यांदा वाकी काढली. घालायले गेली तं आकडाच नाही. आमच्या वाकीले अडकवायचा आकडा हाय, हिले पिळायची पेचाची खीळ. मीच ओरडली, आई, ही आपली नोहोय. अन् चोरी माह्याच गळ्यात आली."

"आता पुढे काय?"

"उद्या सांजच्याले घरी बैठक हाय. सोयरे बोलावले. सगळ्यांसमोर मले चोर म्हणून माहेरी धाडणार." तिनं वाकी लांब सारली. "मारलं असतं तं सोसलं असतं मी. पण चोर?"

"नवरा काय म्हणतो?"

"ते काहीच म्हणत नाही."

दादाजींनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. त्यांची लेकही अशीच दूर दिलेली होती.

"खऱ्या वाकीचा फोटो आहे?"

"दिवाळीत सेल्फी काढून स्टेटसले ठेवला होता." खुशबूनं फोन पुढे केला. "किती जणींनी विचारलं, कुठून घेतली म्हणून! आई सांगतात, मधात कित्येक वर्षं कोणी हातही नव्हता लावला तिले. आता नऊवारी, नथ, वाकी, सारं पुन्हा आलं."

दादाजींनी डोकावून पाहिलं. नऊवारी, नथ, दंडात वाकी आणि पदर उजव्या खांद्यावर. आजकालच्या पोरी पदर कुठूनही सोडतात, असं ते पुटपुटले. रुखमिणीबाईंनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा फोटोकडे पाहिलं आणि फोटो आपल्या फोनवर मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सिहोऱ्याला जाताना गाडी आधी तुमसरला थांबली. खुशबूची नणंद चंद्रकला तिथे राहते. घरात तिच्या मुलीच्या लग्नाची गडबड होती.

"मी काय सांगू जी? घरच्या चावीचं घरच्यांनाच माहीत," चंद्रकला म्हणाली. तिनं चहा मात्र चांगला दिला.

"वाकी तुम्हाला नाही मिळाली?"

"माय देऊन राहिली होती माह्या लग्नात. मीच नको म्हटलं. तवा कोण घालत होतं बाप्पा! बुढ्ढ्या बायांचा दागिना. मले टीव्हीवरच्या बायांसारखा बारीक नेकलेस पायजे होता."

"आहे का तो नेकलेस?"

"कवाच तुटला. मोडीत गेला."

"आणि वाकीला त्यानंतर हात लावला?"

"छे! लहानपणी मायच्या दंडात खीळ मीच पिळून देत होती, तेवढंच. आता संक्रांतीच्या हळदीकुंकवाले गेली होती, पण जेवली अन् आली."

बाहेर आल्यावर दादाजी म्हणाले, "सरळ बाई दिसते."

"दिसते," रुखमिणीबाई म्हणाल्या.

सिहोऱ्यात खुशबूला सणावाराला सजवणाऱ्या आनंदाबाईंचं ब्यूटी पार्लर होतं. वाकीचं नाव ऐकताच त्या भडकल्या. "गरिबावरच नाव येते जी! दिवाळीत मीच तयार केलं तिले अन् संक्रांतीलेही. वाकीचा आकडा मीच अडकवला, मीच काढला. हळदीकुंकू झाल्यावर सारे दागिने खाटेवर ठेवले. खुशबू बायांना निरोप द्यायले दारात गेली, मी पेटी भरून निघाली. खोलीत चंद्रकलाताई होत्या, त्यांना विचारा."

दादाजींना यांचाच संशय आला. उठसूट दुसऱ्याकडे बोट दाखवणारा माणूस त्यांना मुळीच पसंत नसे.

घरी गोदावरीबाईंनी पाणीसुद्धा विचारलं नाही. सुनेनं तपासणारी बाई आणली म्हणजे घराण्याची लाजच काढली, असा चेहरा.

"आकडा कधी बसवला होता?" रुखमिणीबाईंनी विचारलं.

"हिच्या लग्नाच्या आधी. खिळेचे आटे झिजले होते. माहा पोरगा अमर घेऊन गेला होता सोनाराकडं." मग त्यांचा तोल सुटला. "अन् हा मोर पाहा! आमचा मोर डावीकडं पायते, हा उजवीकडं. चोरी केली ते केली, नक्कलही धड करवता नाही आली हिले."

रुखमिणीबाईंनी लग्नाचा अल्बम मागितला. फोटोग्राफरनं काढलेल्या फोटोत मोराची चोच खरंच डावीकडे होती. कारागीर आळशी असेल, दादाजींना वाटलं.

अमर दाराशी उभा होता. खुशबूचा नवरा. "तुमचं काय मत?" या प्रश्नावर तो चपलेनं माती उकरत राहिला. "चावी तिच्याकडं असते. मी काय सांगू?"

दादाजींना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वय आड आलं.

दुपार कलली. बैठकीसाठी चंद्रकलाही तुमसरहून आली. सोयरे यायला अवकाश होता. रुखमिणीबाईंनी घरच्या चौघांना ओसरीत बसवलं आणि पितळेची वाकी मधोमध ठेवली.

"नक्कल करवायची तर माणूस कारागिराकडे काय नेतो? वस्तू हाताशी असेल तर वस्तूच नेतो. नसेल तर फोटो. ही वाकी फोटोवरून बनली आहे."

"कायच्यावरून?" अमरनं विचारलं. त्या दिवसातलं त्याचं पहिलं कामाचं वाक्य.

"मोरावरून. ही खुशबूची सेल्फी बघा. नऊवारीचा पदर कोणत्या खांद्यावर आहे? उजव्या. नथ? उजव्या नाकपुडीत. अशी साडी नेसते का कोणी? दादाजींच्या ते लगेच नजरेत आलं होतं."

नजरेत आलं होतं, डोक्यात गेलं नव्हतं. दादाजी खाकरले.

"आरशात दिसतं तसं हे चित्र आहे. खुशबूच्या फोनमध्ये सेल्फी उलटीच साठते. म्हणून डावीकडे बघणारा मोर इथे उजवीकडे बघतो. आणि पितळेवरचा मोरही उजवीकडेच. कारागिरासमोर खरी वाकी नव्हती, हा फोटो होता."

गोदावरीबाईंनी वाकी उचलून फोटोशेजारी धरली.

"आता सांगा, खुशबूला फोटोची काय गरज? खरी वाकी तिच्याच कपाटात होती. उचलायची आणि दाखवायची. अमरचंही तेच, गोदावरीबाई, तुमचंही तेच. नक्कल करवली ती बाहेरच्या माणसानं. खरी वाकी त्याच्या हाताला एकदाच लागणार होती, संक्रांतीच्या दिवशी. तेव्हा अदलाबदल करायची, तर नक्कल आधीच तयार हवी."

"म्हणजे आनंदाबाई!" दादाजींच्या तोंडून निघून गेलं.

"थांबा, दादाजी. या फोटोत वाकीची मागची बाजू दिसत नाही. ती तोंडी सांगावी लागली. आनंदाबाईंनी दिवाळीतच आकडा अडकवला होता, त्यांनी आकडाच सांगितला असता. पण नक्कल करवणाऱ्यानं पेचाची खीळ सांगितली. त्याच्या आठवणीत खीळच होती. लग्नाआधी आकडा बसवला हे त्याला ठाऊकच नव्हतं. म्हणजे वाकी ज्यानं पूर्वी हाताळली, पण मधल्या वर्षांत हातात घेतली नाही, असा माणूस. आणि त्या दिवशी दागिन्यांजवळ एकटा राहिलेला."

गोदावरीबाईंची मान सावकाश लेकीकडे वळली.

चंद्रकलेनं पदर तोंडात धरला. मग एकदम बोलायला लागली. "इकायले नाही नेली मी, माय! पोरीच्या शालूच्या घडीत ठेवली हाय. स्टेटसवर पाहिलं अन् आग लागली जिवाले. माह्या मायचा दागिना परक्या पोरीच्या दंडात, अन् सारं गाव वाखाणून राहिलं. मी नको म्हटलं तवा काय अक्कल होती मले? कोणी दटावलंही नाही. नको तं नको म्हणून ठेवून देली. माह्या पोरीनं मांगली, आई, तशी वाकी पायजे लग्नात. कोणत्या तोंडानं मांगू?"

"मांगली असती तं देली असती वो!" गोदावरीबाईंनी कपाळावर हात मारला आणि लेकीला जवळ ओढलं. दोघी मायलेकी रडायला लागल्या. दादाजींचेही डोळे भरून आले, त्याला इलाज नव्हता.

खुशबू खांबाला टेकून उभी होती. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

बऱ्याच वेळानं गोदावरीबाईंनी डोळे पुसले. "अमर, सोयऱ्यांना फोन कर. सांग, वाकी घरातच सापडली, बैठक नाही होत म्हणावं." मग सुनेकडे वळून हलकेच म्हणाल्या, "झालं गेलं जाऊ दे, खुशबू. घरची गोष्ट हाय. चंद्रकलेच्या पोरीचं लग्न तोंडावर आलं. बाहेर बोलू नको."

"बैठक होईल," खुशबू म्हणाली.

"अवो, पण आता कायले?"

"मले चोर म्हणायले साऱ्यांना बोलावलं होतं ना, आई? मग मी चोर नाही हे त्यांनाच सांगा. फोनवर नाही. इथंच, माह्यासमोर."

"तिची बेइज्जती होईल पोरी!" गोदावरीबाई कळवळल्या.

चंद्रकला हात जोडून पुढे आली. "मी कोणत्या तोंडानं बसू, वहिनी?"

"मी बसली तसं बसा."

अमरच्या हातात फोन होता. तो आईकडे पाहत होता, बायकोकडे पाहत होता. रुखमिणीबाईंनी आपली पिशवी आवरली. त्यांचं काम झालं होतं. हे तपासात बसणारं नव्हतं.

शेवटी अमरनं फोन खिशात टाकला. "बैठक होईल," तो म्हणाला. "मी सांगतो साऱ्यांना. मलेही सांगायचं हाय काही."

खुशबूनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिनं आतून सतरंजी आणली आणि ओसरीत अंथरायला घेतली. दादाजींनी उठून दुसरं टोक धरलं.