मोरवणगडचा डावा कौल

वैशाख सरत आला होता. मोरवणच्या खाडीवर उजाडत होतं, आणि काळ्या कातळाच्या कड्यावर उभा असलेला मोरवणगड, त्याचे सहा बुरूज, पायथ्याशी माडांत दडलेलं पुळणबंदर, आणि बंदरासमोर तोफेच्या माऱ्याबाहेर नांगर टाकून बसलेली फिरंग्यांची अकरा गलबतं, हे सगळं निळो शिवदेव यांनी मेण्यातून मान बाहेर काढून पाहिलं व मान पुन्हा आत घेतली. सरकारचे हे तपासनीस वीस दिवस किनाऱ्याने हिंडत होते. गड पाहावेत, दारूगोळा मोजावा, पडझड कळवावी, अशी आज्ञा होती.

प्रत्यक्षात काय चाललं होतं? निळोपंतांचा मेणा बंदरात उतरला की तिथला अंमलदार त्यांना सोलकढी पाजी, कड्यावर नेई आणि गोष्ट सांगे. इथून म्हणे एका नवरीने उडी घातली. पुढच्या बंदरात दुसरी नवरी, दुसरा कडा. कुठे पांडवांनी एका रात्रीत तळं खणलं, कुठे साधूच्या शापाने समुद्र मागे सरला. पंत हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेत. समोर ढासळलेला बुरूज दिसत असताना हा गृहस्थ नवरीचं नाव विचारत बसे. मला या माणसाची चीड येते, हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्याच्या हातून एक बरं काम झालं, म्हणून बाकीचं कुणाला पोटात घालायचं असेल त्याने घालावं.

मोरवणगडाचा किल्लेदार होता गोदाजीराव खंडागळे. पंत सदरेवर पोचले तेव्हा स्वारी तळलेली सुरमई खात होती आणि प्रत्येक घासानंतर तेलकट बोटं शेजारी वाकून उभ्या असलेल्या हुजऱ्याच्या पागोट्याला पुसत होती.

"पंतांनी ऐन वख्ती पायधूळ झाडली, आमचं भाग्य," तो म्हणाला.

"किल्लेदार, शत्रू समोर आहे. गडाची तजवीज काय?"

"काय सांगावी? थोरल्या टाक्याचं पाणी नासलं. जाखमातेचा कोप झाला म्हणतात लोक. आम्ही शिपाईगडी, आमची अक्कल ती केवढी? उद्या देवीला कौल लावतो. लढ म्हणाली तर लढू. नको म्हणाली तर गड खाली करू आणि फिरंग्याकडून रयतेला अभय मागू. आपण सरकारचे डोळे. आपल्या साक्षीनं होऊन जाऊ द्या."

आता खरं काय ते ऐका. टाक्याच्या हिरव्या पाण्यावर जे फुगलेलं रेडकू माश्यांनी भरून तरंगत होतं, ते याच माणसाने पोटाला धोंडा बांधून आत सोडलं होतं. दोर कुजला आणि रेडकू वर आलं. फिरंग्याने त्याला पलीकडच्या मुलखात मोठा हुद्दा कबूल केला होता. पण गडावरची दीडशे माणसं नुसत्या त्याच्या हुकमाने दरवाजा उघडणार नव्हती. बारा-पंधरा दिवस तग धरला की समुद्र खवळतो आणि गलबतांना निघून जावंच लागतं, हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. देवीने सांगितलं तर मात्र कुणी चकार शब्द काढला नसता, सरकारनेही नाही. आणि रयतेला अभय म्हणाल, तर मागच्या वर्षी शेजारच्या बंदरातली धडधाकट माणसं फिरंग्याने साखळीला बांधून गलबतांवर वल्ही मारायला नेली होती. त्यांतलं एकही परत आलं नव्हतं.

कौलाची रीत साधी. देवीच्या काळ्या पाषाणाला उजवीकडे व डावीकडे पाण्याने भिजवलेल्या पाकळ्या लावायच्या आणि सवाल करायचा. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. हे काम गुरवाचं. मोरवणगडचा गुरव लुमा साठीला टेकला होता. त्याच्या सात पिढ्यांनी त्या पाषाणाला पाकळ्या लावल्या होत्या. बायको वारली होती. उरलेला एकुलता एक मुलगा पुनाजी गडावर गोलंदाज होता, आणि पाण्यात रेडकू कुणी टाकलं हे त्याने डोळ्यांनी पाहून बापाला सांगितलं होतं. किल्लेदाराने त्याच्यावर बारूद चोरल्याचा आळ घेतला आणि मुसक्या बांधून त्याला कड्यावरच्या चौकीत ठेवलं.

पंत आले त्याच दुपारी किल्लेदाराने लुमाला देवळामागे गाठलं.

"लुमा, उद्या उजव्या पाकळ्या पडता कामा नयेत."

"पाकळ्या देवी पाडते, सरकार. मी निस्ता लावतो."

"लावतोस ना? मग उजव्या फणसाच्या चिकाने लाव, डाव्या पाण्याने. सवाल मी करीन."

"सात पिढ्यांत असं झालं न्हाई, सरकार."

"सात पिढ्यांत तुमचा पोर कड्यावर बसला होता का?" खंडागळे हसून म्हणाला. "दोन माणसं त्याच्याजवळ आहेत. कौल चुकला आणि मी पागोटं काढलं, की बुरजावरून इशारा जाईल आणि ती त्याला सोडतील. खाली. कौल नीट लागला तर रात्री तो तुझ्या पानाला पान लावून जेवेल. देवीच्या पायाची शपथ."

त्याने खरंच आत जाऊन, तेच तेलकट हात देवीच्या पायांवर ठेवून शपथ घेतली. असल्या माणसाबद्दल लिहिताना तोंडाची चव जाते. पण हे वगळलं तर गोष्ट खोटी होईल.

सकाळी देवळापुढच्या फरसावर सारा गड आणि सारं पुळणबंदर जमलं. कोळी आले, भंडारी आले, बाया पोरांना कडेवर घेऊन आल्या. पंत पुढे गालिच्यावर बसले होते. लुमा गाभाऱ्यात पाकळ्या लावून बाहेर आला आणि कोपऱ्यात उकिडवा बसून बोटांना खोबरेल चोळू लागला. पंतांनी ते पाहिलं. पंत जन्माने कोकणातले. हाताला लागलेला फणसाचा चीक तेलाशिवाय निघत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं, ते या शहाण्याला कळलं नसेल? कळलं होतं. पण देवाच्या कामात आपण कशाला नाक खुपसावं, असं स्वतःशी म्हणून त्यांनी नजर समुद्राकडे वळवली.

खंडागळ्याने हात जोडले. "माते जाखमाते, गड लढवावा का? होय असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे."

फार वेळ लागलाच नाही. डावी पाकळी सुटली, पाषाणावरून घसरली आणि पायरीवर पडली. मागोमाग दुसरीही पडली. उजव्या जागच्या हालल्या नाहीत.

बायांनी तोंडाला पदर लावले. गोलंदाजांचा नाईक मटकन खाली बसला. किल्लेदाराने चेहरा शक्य तितका दुःखी केला आणि कमरेच्या किल्ल्यांना हात घातला. "देवीची मर्जी," तो म्हणाला. "दरवाजा उघडा."

तेवढ्यात केगो कोळ्याची म्हातारी आई काठी टेकत पायरीपाशी आली. तिचे तीन मुलगे दर्यावर्दी. तिघेही वल्ह्याला बांधायच्या वयाचे. तिने पडलेली पाकळी उचलली, कपाळाला लावली, आणि देवीला नमस्कार करून झाल्यावर लुमाच्या पायांवर डोकं टेकलं.

"बरं केलंस रं लुमा," ती म्हणाली. "देवीनं सांगितलं म्हंजी माजी पोरं देवीच्याच कामी गेली. आता रडायचं न्हाई."

लुमाने पाय मागे घेतले. कड्याकडे पाहिलं. देवळातून कडा दिसत नाही, मधे बुरूज आहे. तो उठला, गाभाऱ्यात गेला आणि मोठ्याने बोलला.

"दरवाजा उघडू नका. हा कौल देवीचा न्हाई. उजव्या पाकळ्या पडायच्याच न्हाईत. म्यां फणसाच्या चिकानं चिकटवल्यात. या, हात लावून बघा."

कुणी हललं नाही. त्याने स्वतःच एक पाकळी नखाने ओढली. ती फाटून अर्धी हातात आली आणि अर्धी दगडाला तशीच राहिली.

"किल्लेदारानं करायला लावलं. टाक्यात रेडकू त्यानंच टाकलं. माजा पुनाजी कड्यावर हाय. पागोटं काढलं की त्याला ढकलायचा हुकूम हाय. पण नाईक, तुमी आधी दरवाज्याकडं माणसं धाडा. पोराचं मागून बघू."

हे शेवटचं वाक्य मी अनेकदा मनात घोळवलं आहे. बाप असून ते कसं बोलवलं असेल, याचा मला आजही अंदाज येत नाही.

नाईक धावला. दरवाज्याला अडसर पडले. शिपायांनी खंडागळ्याला घेरलं, आणि तो मात्र स्वस्थ उभा राहिला. पागोटं काढायची त्याने तसदीही घेतली नाही. लुमाला वाटलं, देवीनेच त्याचा हात धरला. तो कड्याकडे पळत सुटला.

चौकीत दोघे पहारेकरी पेज पीत बसले होते. तिसरं कुणी नव्हतं.

"पुनाजी कुटं हाय?"

एकाने वाडगं खाली ठेवलं. "त्याला तर पहाटंच ढकलला. लई वरडत होता, तोफखान्याच्या माणसांना हाका मारत होता. हुकूमच होता तसा." दुसरा पेज पीतच राहिला.

म्हणजे देवीच्या पायांवरची शपथ सूर्य उगवण्याआधीच मोडली होती. लुमा फरसावर बसून बोटांना तेल चोळत होता तेव्हा पोरगा तासाभरापूर्वीच मेलेला होता. माणूस किती खालच्या थराला जातो याची काही हद्द असावी असं मला वाटत असे. या प्रकरणाने तो समज गेला.

तिसऱ्या प्रहरी सदरेवर लोक हटून बसले. खंडागळ्याचा कडेलोट करा, एवढंच त्यांचं मागणं होतं. गडावर हुकूम देण्याचा अधिकार आता एकट्या पंतांचा. पण खंडागळे दरबारातल्या बड्या असामीचा मेहुणा, आणि पंतांना घाम फुटला होता.

"जोखमीचं काम आहे," ते म्हणाले. "आपण देवीलाच कौल लावू. लुमा, या खेपेस तू शुद्ध पाण्याने पाकळ्या लाव. देवी देईल तो निवाडा."

लुमा खाली मान घालून उभा होता. त्याने मान वर केली.

"पंत, माज्या हातचा कौल आता कौल न्हाई. मी देवीला बाटवलीया, मी त्या पाषाणाला पुना शिवणार न्हाई. आन दुसऱ्या कुणी लावला तरी तुमी इचारू नका. तिला ह्यात काय इचारायचं हाय? तुमी सकाळी माजी बोटं बघितली. मी तुमाला बघताना बघितलं. तवा तुमी बोलला असता तर मला बोलायला लागलं नसतं. सही तुमची, शिक्का तुमचा. तुमचं काम देवीच्या गळ्यात घालू नका."

पंतांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी दौत जवळ ओढली आणि वीस दिवस नवऱ्यांच्या उड्या लिहून घेणाऱ्या त्या हाताने आज्ञापत्र लिहिलं, खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि शिक्का उमटवला. दुसऱ्या सकाळी खंडागळ्याला त्याच कड्यावरून लोटलं. तो शेवटपर्यंत मेहुण्याचं नाव घेत होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. बंदरातल्या बायांनी खालच्या झऱ्याचं पाणी डोक्यावरून गडावर वाहिलं, गड लढला, आणि तेराव्या दिवशी समुद्र उठला तेव्हा अकराच्या अकरा गलबतं नांगर उचलून निघून गेली. पंतांची नोकरी महिनाभरात गेली. दरबाराला विचारल्याशिवाय शिक्षा दिली हा ठपका. त्यांनी तक्रार केली नाही असं सांगतात.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण कड्याखालचं राहिलं. पुनाजीला ओहोटी साधून लुमाने, केगोने आणि त्याच्या भावांनी खडकांतून काढलं आणि पुळणीवर अग्नी दिला. खंडागळे तिथेच पन्नास पावलांवर पडला होता. त्याच्या ताटातलं खाऊन वाढलेले निदान चाळीस लोक गडावर होते. त्याचा भाचा होता, कारभारी होता, हुजरे होते. एकही खाली उतरला नाही. कालपर्यंत ज्याच्यापुढे वाकत होते त्याचं नाव घेतलं की ते लांब थुंकत. मला किल्लेदाराइतकीच त्यांचीही किळस येते.

कडेलोटानंतर चौथ्या दिवशी लुमा लाकडं घेऊन पुन्हा कड्याखाली निघाला. नाईकाने त्याला वाटेत अडवलं.

"लुमादादा, त्याच्यासाठी? त्याने तुझ्या पोराला..."

"त्याच्यासाठी न्हाई," लुमा म्हणाला. "कावळे घाण उचलून गावात टाकत्यात. खाली पोरंबाळं खेळत्यात."

त्याने एकट्याने चिता रचली, पेटवली, आणि सगळं जळेपर्यंत वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून राहिला.