फळ्यांखालची ऊब

डेल्मानं मूस हरणाच्या सूपचं पातेलं शेगडीवरून उतरवलं आणि सवयीनं भिंतीवरच्या तापमापकांच्या दोन काट्यांकडं पाहिलं. एका काट्याची तार फळ्यांतून खाली, स्वयंपाकघराच्या पाइपापर्यंत गेली होती. दुसऱ्याची तिच्या वडिलांच्या खाटेखालच्या पाइपापर्यंत. घर आणि जमीन यांच्यामध्ये जेमतेम दोन हात पोकळी. तिथं दोन तांबडे दिवे दिवसरात्र पाइपांना ऊब देत. काटे फॅरनहाइटचे, बत्तीसला आले की पाणी गोठलंच. आज दोन्ही चाळीसवर होते. बाहेर शून्याखाली पन्नास.

दुपारी अडीचला, सूर्य युकॉन नदीपलीकडं टेकतोय तोच, गावाला वीज देणारं जनित्र बंद पडलं.

"दोन तास तरी लागतील," वायरलेसवर लायल म्हणाला. जनित्राची देखभाल त्याच्याकडंच होती. "म्हाताऱ्याला स्लेजवर घाल आणि ये माझ्याकडं."

"आणि पाइप? त्यांना तू फुंकर घालणार आहेस?"

दवाखान्यातल्या नर्सनं स्पष्ट सांगितलं होतं, या हिवाळ्यात पुन्हा पाणी गोठलं तर तिच्या वडिलांना, एनॉकला, शहरातल्या वृद्धाश्रमात हलवावं लागेल. ब्याऐंशी वर्षांत तो नदी सोडून कुठं राहिला नव्हता. ती सोडावी लागणार नाही, असा डेल्मानं बापाला शब्द दिला होता.

तिनं शेगडीवर विटा तापत ठेवल्या. काटे उतरू लागले. अडतीस... छत्तीस... चौतीस. तेवढ्यात स्वयंपाकघराखालचा काटा थबकला आणि उलटा वर सरकू लागला. चाळीस. साठ. नव्वद. अठ्ठ्याण्णववर येऊन तो स्थिरावला.

माणसाच्या अंगाइतका.

"बिघडला मेला," ती मोठ्यानं म्हणाली. विटा पोत्यात गुंडाळून ती बाहेर गेली आणि घराखालच्या पोकळीची झडप उघडून आत शिरली.

आत भर हिवाळ्यात ओल्या मातीचा वास येत होता. दिवे विझलेलेच होते. विजेरीच्या उजेडात खांब न् फळ्या हिमानं पांढऱ्याफटक दिसत होत्या. रांगत ती पाइपाशी पोचली, हातमोजा काढून तिनं चाचपून पाहिलं. पाइप उबदार होता, झोपलेल्या माणसाच्या कुशीसारखा. आणि हाताखाली तो किंचित फुगला... बसला... पुन्हा फुगला.

तिनं झटक्यात हात मागं घेतला. पळावंसं वाटलं. पण विटा इथवर आणल्या होत्या. दात आवळून तिनं एकेक वीट पाइपाला लावली, शेवटची नीट बसेपर्यंत थांबली, आणि मगच उलटी रांगत बाहेर आली.

घरात येऊन बूट काढते न काढते तोच तिचं लक्ष भिंतीकडं गेलं. विटा असूनही स्वयंपाकघराचा काटा तेहतीसवर कोसळला होता. आता दुसरा चढत होता.

"डेल्मा..." आतून एनॉकचा आवाज आला. "खाटेखाली कोण निजलंय?"

"कोणी नाही, बाबा."

"मग कूस कोण बदलतंय?"

ती खाटेशी जाऊन उभी राहिली. मोज्यांतूनही फळ्या गरम लागत होत्या. तिनं पाय फाकवून रोवले आणि एकदा जोरात टाच आपटली.

"इथं नाही. हा माझा बाप आहे, याच्या वाटेला जायचं नाही. ऊबच द्यायची असेल तर पाइपाला दे... जा."

खाली काही हललं नाही. एनॉकनं तिचं मनगट घट्ट धरलं होतं. ती जागची हलली नाही. कितीतरी वेळानं पायाखालच्या फळ्या हळूहळू निवल्या, आणि स्वयंपाकघरात गोठू नये म्हणून थेंबथेंब सोडलेला, मघाशी अडलेला नळ पुन्हा टपटपू लागला.

पाचला वीज आली. पाइप शाबूत होते. एनॉकनं दोन वाट्या सूप घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लायल दिवे तपासायला घराखाली शिरला, पाठोपाठ डेल्मा. खाटेच्या खालच्या बाजूला पोचल्यावर त्यानं विजेरी वर धरली.

"काल तू इथं उभी होतीस ना?" तो हळूच म्हणाला. "तुझ्या पायांच्या उबेनं हिम वितळलं असेल."

डेल्मानं वर पाहिलं. फळ्यांच्या खालच्या अंगाला, पांढऱ्या हिमात, दोन पावलं उमटली होती. तिच्या पावलांच्या बरोब्बर खाली, तळव्याला तळवा लावून कुणी उलटं उभं राहावं तशी.

"माझ्या पायांत लोकरीचे मोजे होते, लायल..."

ती पावलं अनवाणी होती. तिच्या पावलांपेक्षा वीतभर मोठी, आणि दहाही बोटं स्वच्छ दिसत होती.