नकाशावरचे पापड

१९६८चा चैत्र. सायरबाईंच्या व्रताची नववी, शेवटची ओळी संपायला एकच दिवस उरला होता आणि जळगावच्या त्या जैन घरात सगळे खुशीत होते. साडेचार वर्षं, दर चैत्रात आणि आश्विनात नऊ-नऊ दिवस, बिनमिठाचं, बिनतेलाचं, तेही एकदाच जेवायचं. पारण्याआधी मिठाचा कण जरी तोंडात गेला, तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. सत्तरीत एवढं आयुष्य कुठून आणणार? म्हणून सून चंद्रकांताने मिठाची बरणीच माळ्यावर टाकली होती. हस्तीमल बिचारा आईसाठी आळणी वरण मुकाट गिळत होता.

हस्तीमल रद्दीचा व्यापारी. मुंबईहून आलेल्या गठ्ठ्यात त्याला कुठल्याशा बेटांचे जुने नकाशे मिळाले, मागून कापड लावलेले. किनाऱ्यालगत लाटांच्या वाकड्या रेघा आणि लाटांवर, फळीवर उभी राहिलेली इवली इवली माणसं.

"गोरे लोक हौसेनं लाटेवर उभे राहतात म्हणे. कुठली लाट चांगली, ते यात दाखवलंय," तो म्हणाला.

"पडत नाहीत का रे?" भुसावळच्या पलीकडे कधी न गेलेल्या सायरबाईंनी विचारलं. बराच वेळ त्या कौतुकाने बघत राहिल्या.

एवढा जाड कागद वाया का घालवा, म्हणून चंद्रकांताने सगळ्यांत मोठा नकाशा गच्चीत अंथरला आणि सासूसाठी तांदळाचे पापड त्यावर वाळत घातले. उरलेले धोतरावर. अक्षरावर अन्न ठेवायचं नसतं, म्हणून छापील बाजू खाली, कापडाची वर.

दुपारी भिकुबाई गच्चीतून ओरडली. ती भडगावकडची, पापड लाटायला यायची.

"वहिनी, या बठ्ठा पापड वला शेतस!"

धोतरावरचे पापड कडकडीत झाले होते. नकाशावरचे मात्र अजून ओले होते, गार होते. चंद्रकांताने नकाशा उचलला. खालची फरशी कोरडी ठणठणीत, पाय भाजत होती. तिने पापडाचा तुकडा जिभेवर ठेवला.

खारट.

"भिकुबाई, पिठात मीठ घातलंस?"

"मीठ शेच कोठे घरमा?"

 चंद्रकांताने ते पापड टाकून दिले, नकाशा गुंडाळून कोठीत ठेवला आणि कुलूप लावलं.

नवव्या दिवशी तिने भात चाखला, डाळ चाखली, धोतरावरचा पापडही चाखला. सगळं आळणी. सायरबाई शांतपणे जेवल्या. आपल्या हातून सासूचं तप मोडलं नाही, या आनंदाने चंद्रकांताला रडू आलं. पारण्याला कोण कोण येईल, हे बोलत सगळे लवकर झोपले.

सकाळी तिने मुगाचं पाणी आणलं, सोबत मीठ.

सायरबाईंनी हाताने थांबवलं. चेहरा इतका तृप्त, की चंद्रकांताने तो तसा कधी पाहिला नव्हता.

"मीठ नको गं वरून. रात्रभर नाकातोंडात जात होतं, दर वेळी पडले की."

चंद्रकांताने मीठ बाजूला ठेवलं.

"ओळी पुन्हा पहिल्यापासून धरीन. त्यात काय एवढं!" सायरबाई हसल्या.

चंद्रकांता पाया पडायला वाकली. सासूच्या पायांच्या बोटांत बारीक, पांढरी वाळू होती. अजून ओली.