खांबावरचा प्लग

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. मला कुणाला पटवून द्यायचं नाही. जे झालं ते माझ्या अंगणात झालं, माझ्या बायकोच्या बाबतीत झालं, आणि अजून संपलेलं नाही.

ठिकाण कॅनडातलं सास्काचेवान. कानोरा गावापासून अकरा किलोमीटरवर आमचं शेतघर. तारीख सात जानेवारी. सकाळचे साडेसहा, बाहेर उणे छत्तीस अंश.

पण सुरुवात ऑक्टोबरमध्येच झाली होती.

मी नेस्टर. एकोणसत्तर वर्षांचा. तीस वर्षं धान्याच्या कोठारावर काम केलं. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. माझी बायको स्टेफा. तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा शहरात डायलिसिस, जायला सत्तर किलोमीटर. एक खेप चुकली तर पाय सुजतात, दोन चुकल्या तर तिसरीची वेळच येणार नाही असं डॉक्टरने तोंडावर सांगितलेलं.

तिची एकच हौस होती. एक उन्हाळा तळ्याकाठी काढायचा.

म्हणून आम्ही जुना कॅम्पर ट्रेलर घेतला, गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं छोटं घर. विकणारी बाई विधवा होती, विल्मा थीसन, दोन तासांवरच्या गावात राहणारी. ट्रेलर स्वच्छ, किंमत फारच कमी. मी मनातून खूश झालो.

फक्त एक गोष्ट विचित्र होती.

ट्रेलरची वायर तिच्या अंगणातल्या सॉकेटला नुसती लावलेली नव्हती… बांधलेली होती. तारेने, वेढ्यावर वेढे घालून. सोडवताना माझी बोटं सोलली.

"हिवाळाभर प्लग लावून ठेवा," बाई म्हणाली. "काढू नका."

"बॅटरीसाठी ना? ठाऊक आहे मला."

तिने किल्ली माझ्या हातात ठेवली. आम्ही निघालो तेव्हा ती ट्रेलरकडे बघत नव्हती. पाठ फिरवून उभी होती.

घरी आणून मी ट्रेलर हिवाळ्यासाठी बंद केला. टाकीतलं पाणी काढलं. पाइप फुटू नयेत म्हणून त्यात ते न गोठणारं गुलाबी औषध भरलं. उंदरांसाठी सहा सापळे लावले. आणि अंगणातल्या खांबावर एकच सॉकेट आहे, त्यात प्लग लावून दिला.

शेजारी लायल आला. अर्ध्या मैलावर राहतो, फुकट सल्ला देण्यात पटाईत.

"अरे, बॅटरी काढून तळघरात ठेव आणि प्लग उपट. हिवाळाभर वीज कशाला पाजतोस त्याला?"

"बाईने सांगितलंय."

"आता बायकोखेरीज दुसऱ्या बाईचंही ऐकायला लागलास का?"

स्टेफा खिडकीतून हसली. त्या दिवशी तिला बरं वाटत होतं.

नोव्हेंबरभर काही झालं नाही. म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

सापळे रिकामे राहिले. आमच्याकडे हिवाळ्यात उंदीर चालत्या गाडीतही घुसतात. या ट्रेलरमध्ये एकही नाही.

छतावर बर्फ साचला. फक्त आतल्या पलंगाच्या वर… माणूस आडवा पडेल एवढ्याच जागेत तो वितळलेला होता.

छप्पर तिथे पातळ असेल, असं मी स्वतःला समजावलं.

डिसेंबर उजाडला आणि पारा उणे एकतीसवर गेला. आता आमच्या पिकअप गाडीला वीज हवी. अशा थंडीत रात्रभर इंजिनाचा हीटर चालू नसला तर सकाळी गाडी दगड होते. मी ट्रेलरचा प्लग काढला, पिकअपचा लावला आणि झोपलो.

सकाळी सहाला बाहेर गेलो.

पिकअपचा प्लग बर्फात पडला होता.

खांबाला ट्रेलरचा प्लग लावलेला होता…

गाडी अर्थातच सुरू झाली नाही. लायलला फोन करून उठवलं. त्याने आम्हाला शहरात नेलं, पण पोचायला तास उशीर झाला.

"तूच लावला असशील, म्हाताऱ्या," स्टेफा वाटेत म्हणाली. "काल चष्माही फ्रिजमध्ये ठेवला होतास."

मला ते खरं वाटावंसं वाटत होतं.

गुरुवारी रात्री पुन्हा पिकअपचा प्लग लावला. शुक्रवारी सकाळी पुन्हा तो बर्फात.

मग मी दोन तोंडांचा प्लग आणून दोन्ही एकदम लावले. ब्रेकर पडला. वर केला, पुन्हा पडला. रिकाम्या, बंद ट्रेलरला एवढी वीज कशाला लागते?

स्वयंपाकघराच्या खिडकीतून वेगळी वायर ओढून पिकअपला दिली. ट्रेलरला खांबावरचं सॉकेट मोकळं होतं, त्याचं काही अडत नव्हतं. तरी सकाळी पिकअपची वायर काढून फेकलेली. नुसती पडलेली नाही, पार कुंपणापलीकडे फेकलेली.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. त्याला नुसती वीज नको होती. दुसऱ्या कुणाला मिळालेलीही खपत नव्हती.

बर्फात माझ्याखेरीज कुणाच्याही पावलांचे ठसे नव्हते.

मी चिडलो. भर दुपारी ट्रेलरचा प्लग काढला, आत शिरलो, बॅटरीही सोडवली. आता त्या डब्यात विजेचा एक थेंब नव्हता.

मी दाराकडे वळलो आणि…

पंप सुरू झाला.

नळ उघडला की पाणी ओढायला जो पंप खडखडतो, तो. पाइपात पाणी नाही. बॅटरी माझ्या हातात. आणि पंप खडखडतोय, घसा कोरडा पडलेल्या माणसासारखा.

मग थांबला.

बेसिनशेजारी एक कप होता. आमचा नव्हता. तळाशी गुलाबी औषधाचा घोट उरलेला. कडेवर ओठांचा ठसा.

मी बाहेर कसा पडलो ते आठवत नाही. बॅटरी दारातच टाकली होती एवढं खरं. घरात आल्यावर थीसनबाईला फोन लावला.

"तुमच्या ट्रेलरमध्ये काय आहे?" मी ओरडलोच.

तिने उलट मलाच विचारलं.

"प्लग काढलात का?"

"माझी बायको आजारी आहे. मला गाडीला वीज हवी. काय आहे ते सांगा!"

"आमच्या ह्यांना थंडी सोसत नाही हो," ती हळूच म्हणाली. "मी एकदाच काढला होता. एकदाच. फार भांडण झालं होतं आमचं, ते रागाने ट्रेलरमध्ये झोपायला गेले होते…"

फोन ठेवला गेला. नंतर तो कधी उचललाच नाही.

ट्रेलर ओढून रानात सोडून यावा म्हटलं, तर चाकं आसापर्यंत बर्फात रुतून दगड झालेली. लायलने ट्रॅक्टर लावून पाहिला आणि त्याची साखळी तुटली. एप्रिलपर्यंत तो हलणार नव्हता. तोवर लायलच्या उपकारांवर किती दिवस काढायचे? आणि त्यालाच ताप आला, तर?

पाच जानेवारीला मी कुऱ्हाड घेतली आणि ट्रेलरची वायर मधोमध तोडली. तुकडे शेकोटीच्या पिंपात जाळले. पिकअपचा प्लग खांबाला लावला.

सहा तारखेच्या सकाळी तो जागेवर होता.

सुटलो, असं वाटलं. मी शिट्टी वाजवत घरात आलो.

आमच्या चर्चच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे आमच्याकडे नाताळ सात जानेवारीला. आदल्या संध्याकाळी आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं. टेबलावर एक पान जास्तीचं वाढायचं, घरातल्या गेलेल्या माणसांसाठी. जेवण झाल्यावर अन्न झाकायचं नाही, उचलायचं नाही. रात्रभर तसंच ठेवायचं. माझ्या आजोबांच्या आधीपासून हे चालत आलंय.

स्टेफाने दिवसभर बसून-बसून स्वयंपाक केला होता. बीटचं सार, मासे, मध-खसखस घातलेली गव्हाची खीर. तिला स्वतःला यातलं निम्मं चालत नाही. जास्तीच्या पानाशेजारी तिने कप ठेवला, मेणबत्ती लावली आणि दरवर्षी म्हणते तेच म्हणाली.

"जो कुणी वाटेवर आहे, थंडीत आहे, त्याने आत यावं. जागा आहे."

तिच्या मनात तिची आई होती.

मेणबत्तीची ज्योत एकदम आडवी झाली… आणि पुन्हा सरळ.

"दार नीट लाव रे," ती म्हणाली.

दार लावलेलंच होतं.

ही आमची चूक. अंगणात कोण थंडीत आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी ते बोलणं थांबवलं नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला ते सुचलंच नाही. पन्नास वर्षं ऐकलेल्या शब्दांकडे कोण लक्ष देतो?

सात तारीख. सकाळचे साडेसहा.

मला जाग आली ती शांततेने. स्टेफा झोपेत घोरते. त्यावरून मी तिला रोज चिडवतो.

आज आवाज नव्हता.

हात बाजूला नेला. चादर कडक लागत होती.

दिवा लावला. स्टेफा पोटाशी पाय घेऊन पडली होती. ओठ निळे. तिच्या उशाशी पाण्याचा ग्लास होता, त्यातलं पाणी गोठलेलं. घर गरम ठेवणारी भट्टी चालू होती. माझ्या बाजूला गरम होत होतं. माझ्या अंगावर पांघरूण होतं.

तिचं पांघरूण मात्र पलीकडे, खिडकीजवळ जमिनीवर होतं… आणि त्याच्याखाली कुणीतरी पडून असल्यासारखं फुगलेलं होतं.

मी बघत असताना ते सावकाश खाली बसलं.

मी तिला माझ्या पांघरुणात गुंडाळून उचललं. स्वयंपाकघरातून जाताना टेबल दिसलं. जास्तीच्या पानातलं सगळं संपलेलं. कपाच्या तळाशी गुलाबी वर्तुळ.

पिकअप एका झटक्यात सुरू झाली. तिला वीज मिळाली होती ना.

हॉस्पिटलात डॉक्टरने विचारलं, "या बाहेर किती वेळ होत्या?"

"बाहेर नव्हती. माझ्या शेजारी झोपली होती."

तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती मी विसरणार नाही. मी बायकोला उणे छत्तीसमध्ये घराबाहेर काढलं, असं त्याला वाटलं होतं.

स्टेफा वाचली. चार दिवसांनी घरी आणायची परवानगी मिळाली. तिला आणण्याआधी मी नवी वायर विकत घेतली, ट्रेलरला जोडली आणि प्लग खांबाला लावला. तारेने बांधला, वेढ्यावर वेढे घालून. थीसनबाईसारखाच.

"घे," मी म्हणालो. "पण तिला हात लावू नकोस."

तेव्हापासून पिकअप लायलच्या अंगणात असते, तिथल्या विजेवर. डायलिसिसच्या दिवशी मी पहाटे पाचला उठतो आणि ती आणायला अर्धा मैल चालत जातो. भुवयांवर बर्फ जमतो. लायल विचारतो, "नेस्टर, वेडा झालास का?" मी म्हणतो, "डॉक्टरने चालायला सांगितलंय."

स्टेफाला मी पांघरुणाबद्दल काही बोललो नाही. तिला त्या रात्रीचं काही आठवत नाही. ती अजून विचारते, "जूनमध्ये जायचं ना तळ्यावर?"

मी हो म्हणतो. दुसरं काय म्हणू?

एवढ्यावर भागलं असतं. महिना निभावला होता. पण काल, सोमवारी, टपालाच्या पेटीत वीजवाल्यांचा कागद आला. तारांच्या कामासाठी येत्या गुरुवारी सकाळी नऊ ते दुपारी एक वीज बंद. चार तास. गुरुवारचा अंदाज उणे तेहतीस.

ऑफिसात फोन केला. तिथली पोरगी म्हणाली, "काका, चारच तास तर आहेत. दोन पांघरुणं जास्त घ्या."

मी ठरवलं, बुधवारी डायलिसिस झालं की स्टेफाला घेऊन शहरातच खोली घ्यायची आणि शुक्रवारपर्यंत परतायचंच नाही. कागद खिशात ठेवला. तिलाही दाखवला नाही, उगीच घाबरेल म्हणून.

फक्त एक गोष्ट माझ्या हातून झाली. मला मोठ्याने वाचायची सवय आहे, स्टेफा त्यावरूनही हसते. आणि टपालाची पेटी ट्रेलरला लागूनच आहे.

तो कागद मी तिथे उभा राहून वाचला. तारखेसकट.

आज मंगळवार. सकाळी उठल्याबरोबर मी खांबाकडे धावलो. प्लग जागेवर होता. तारेचे वेढे तसेच होते. मी सुटकेचा श्वास टाकून आत आलो.

स्टेफा पलंगावर बसली होती. दोन्ही हातांनी दंड चोळत होती.

"नेस्टर," ती म्हणाली, "रात्री माझं पांघरूण तू ओढलंस का रे?"

तिच्या आवाजात चिडवणं होतं. पण डोळे माझ्यावरून हलत नव्हते.

"हो," मी म्हणालो. "मीच ओढलं."