पाचूतलं तेल

त्या दोघांची पहिली भेट झाली तीच मुळी जिन्यात रांगताना. रत्नं तपासायच्या प्रयोगशाळेत तो निघाला होता वर, ती उतरत होती खाली, वळणावर दोघांची टक्कर झाली आणि त्याच्या हातातली कागदाची पुडी उडाली. पुडीत तिळाएवढे बारा हिरे. अकरा सापडले. बाराव्यासाठी दोघं पाऊण तास पायऱ्या चाचपत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "आहात तिथेच थांबा" म्हणून दरडावत होती. शेवटी तिने वैतागून चप्पल झटकली, तर हिरा टपकन बाहेर. तिने तो दोन बोटांत धरून त्याच्या तळहातावर ठेवला.

"आठवडाभर मी याला बसवायला जागा शोधतोय," तो म्हणाला, "आणि याने आपली आपणच शोधली बघा..."

तिला हसू आलं. ते तिने दाबलं, पण त्याने पाहिलं होतं.

तो खडे जडवणारा कारागीर. कानावर सदैव चिमटा खोचलेला, म्हणून प्रयोगशाळेतले सगळे त्याला चिमटाच म्हणत. ती खडे तपासणारी, आणि जिभेने तिखट. काच असेल तर समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता काच म्हणून सांगायची. गिऱ्हाईक तिला घाबरायचं, मालकही जपून बोलायचे. चिमटा तेवढा घाबरत नसे. महिन्यातून एकदा येणारा गडी आता आठवड्यातून तीनदा यायला लागला, कधी एकच खडा घेऊन, कधी आधीच तपासलेला खडा घेऊन.

गप्पा मात्र कामाच्याच, हं. आता कारखान्यात बनवलेले हिरे कसे धडाधड खपतायत, तरुण मुली हिऱ्याऐवजी निळे-हिरवे खडे कशा मागतात, आणि गंमत म्हणजे पूर्वी ज्या डागाला लोक नाक मुरडायचे तोच आता भिंगातून हौसेने बघतात, कारण डाग म्हणजे खडा जमिनीतला. हे सगळं तो बोलायचा आणि बघायचा मात्र तिच्या बोटांकडे. तिला ते कळत होतं... आणि आवडतही होतं.

चार महिने असे छान गेले. मग एका दुपारी त्याने खिडकीतून एक अंगठी पुढे केली. मधोमध पाचू, भोवती बारीक हिरे.

"आईची आहे," तो म्हणाला. "लग्नासाठी काढलीय. मुलगी... म्हणजे जिला द्यायची, तिच्या मापाची करून घेतलीय. तुम्ही एकदा तपासा. आई खाली बसलीय, मी तिला चहा देऊन येतो."

आणि गेला. कोण मुलगी? कुठली? चार महिन्यांत या माणसाने एका शब्दाने सांगू नये? तिने अंगठी उलटी केली. कडी खरंच नुकती लहान केलेली होती. कुणीतरी बारीक बोटांची असणार. सुंदरही असणार मेली. डोळे भरून आले, समोरचं धूसर झालं, आणि रोजच्या सवयीने हातांनी काय केलं, तर भोवतीचे हिरे मळकट दिसले म्हणून अंगठी उचलून सफाईच्या यंत्रात टाकली.

त्या यंत्रात गरम साबणाचं पाणी असतं आणि ते थरथरतं. हिऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पाचू मात्र त्यात कधीही, चुकूनही टाकायचा नसतो. पाचूच्या पोटात बारीक चिरा असतात, त्या झाकायला तेल भरलेलं असतं, आणि ते तेल त्या पाण्यात निघून जातं. ही गोष्ट ती नव्या लोकांना पहिल्या दिवशी शिकवायची. ही तीच बाई.

आठवलं तेव्हा चार मिनिटं होऊन गेली होती. तिने अंगठी बाहेर काढली. गर्द हिरवा पाचू पांढुरक्या चिरांनी भरून गेला होता. आईची अंगठी. लग्नाची अंगठी. आता हे कुणाला काय सांगायचं? "मुळातच अशी होती" म्हणाली असती तर कुणी अविश्वास दाखवला नसता, तिच्या शब्दाला तेवढी किंमत होती. तिने दार लावलं, दहा मिनिटं पोटभर रडून घेतलं, तोंड धुतलं आणि चिमटा परत आल्यावर अंगठी त्याच्यासमोर ठेवली.

"माझ्या हातून झालं," ती म्हणाली. "यंत्रात टाकली मी. मुळात अशी नव्हती."

त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो खुर्चीवर मटकन बसला. मग कानावरचा चिमटा काढून त्याने खड्याच्या कोपऱ्यावर टोक ठेवलं.

"ही चीर बघ. खडा धरणाऱ्या पकडीखालून निघालीय. ही जमिनीतली नाही, माझी आहे. काम नवीन शिकत होतो, आईची अंगठी हौसेने नव्याने घडवली आणि पकड जास्त दाबली. सहा वर्षं झाली. दरवर्षी पॉलिशच्या नावाखाली अंगठी घेतो, तेल भरतो, परत देतो. आईला वाटतं, तिच्यासारखा पाचू कुणाकडे नाही."

ती थक्क होऊन बघत राहिली. त्याने तिला 'तू' म्हटलं होतं, हेही तिच्या जरा उशिरा लक्षात आलं. मग इथे आणलीच कशाला, तिने विचारलं.

"दोन गोष्टी तोंडातून निघत नव्हत्या. एक आईला सांगायची होती... एक तुला. वाटलं, दोन्ही अंगठीच सांगेल. तू तपासणीच्या कागदावर चीर लिहिशील, आई वाचेल. अंगठी कुणाच्या मापाची, ते तुला कळेल. भित्रा आहे मी."

"मला कुठली गोष्ट?"

तो नुसता तिच्या बोटांकडे बघत राहिला.

दोघं खाली गेली. या वेळी त्याने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. आईने भिंग मागून घेतलं, डोळ्याला लावलं आणि इतका वेळ काढला की त्याला घाम फुटला.

"सहा वर्षं मी ही सगळ्यांना मिरवून दाखवली," ती शेवटी म्हणाली. "मला एकदा सांगावंसं नाही वाटलं तुला?" त्याने मान खाली घातली. मग ती मुलीकडे वळली. "आणि तू किती वेळ लपवलंस?"

"वीस मिनिटं," ती म्हणाली. "त्यातली दहा रडण्यात गेली."

आईने अंगठी उचलली. निदान तेल तरी भरून देतो, म्हणून तो घाईने पुढे झाला, तर तिने त्याचा हात बाजूला सारला.

"राहू दे आहे तशी. हिला चालेल का विचार."

मुलीने हात पुढे केला. अंगठी बोटात अलगद गेली आणि जिथे बसायची तिथे बसली, ना सैल ना घट्ट. ती चकित होऊन त्याच्याकडे बघायला लागली.

"माप कधी घेतलंस?"

"जिन्यात," तो म्हणाला. "तू हिरा हातावर ठेवलास तेव्हा."